महिन्याचं दुखणं

रात्रीतून थंडी एवढी उतरली होती की अंगणातल्या रांजणांवर बोटभर जाडीचं बर्फ धरलं होतं. वारा अजिबात नव्हता. वारा नसला की यानज्याफू गावची थंडी जास्त चावते. कोळशाचा धूर वर जायचा आळस करतो, छपराछपरांवर बसून राहतो, आणि सूर्य उगवला तरी कुणीतरी पिठात बुडवून काढल्यासारखा दिसतो.

सिरक्याच्या कारखान्याच्या अंगणात रांजणांच्या ओळी होत्या. उन्हाळ्यात हे रांजण तापू द्यायचे, हिवाळ्यात गोठू द्यायचे. ज्वारीच्या सिरक्यातलं पाणी तेवढं वर येऊन गोठतं. ते काढून फेकलं, पुन्हा गोठलं, पुन्हा फेकलं, की खाली उरतो तो काळा, दाट, जीभ धरून ठेवणारा सिरका. बर्फ काढायचं काम बायकांचं. लाकडी मोगरीनं कडेकडेनं ठोकायचं, तारेचा झारा आत घालायचा आणि तुकडे उचलून ओळीमागच्या नालीत टाकायचे.

हाओ लामेइनं सातवा रांजण ठोकला आणि झारा तसाच धरून थांबली. आलं होतं. तसं ते दुखणं सकाळी तिच्याआधीच उठायचं. ओटीपोटाच्या तळाशी, जांघांमधून मागं, बसायच्या हाडांच्या मधोमध, कुणीतरी ओलं फडकं पिळावं तसं. अकरा वर्षं झाली होती. या दुखण्याचं तिला आता भयही उरलं नव्हतं, फक्त कंटाळा होता. नकोशा पाहुण्याला रोज जेवायला वाढावं, तसा.

"लामेइ, काढ की गं बर्फ! का त्याला ऊब देत बसलीस?" पलीकडच्या ओळीतून चाइश्या ओरडली. वयानं पन्नाशीची, अंगानं आडवी, संध्याकाळी गावच्या चौकात बायकांची नाचाची टोळी चालवणारी.

"बसलीया कुठं, अक्का? बसवत न्हाई म्हणून उभी हाय."

"आवळतीस न्हवं रोज?"

"आवळती की. आत्ता बी आवळूनच उभी हाय."

"मग सोडू नगंस. माझ्याकडं बघ. दुसऱ्या पोरीनंतर शिंकले की पायजमा वला व्हायचा. आवळून आवळून आता शिंकले तरी थेंब सांडत न्हाई!"

"थेंब न्हाई सांडत, पण आवाज येतोय!" रांजणांमागून कुणीतरी म्हणालं आणि बायका झारे टेकून हसल्या. चाइश्यानं बर्फाचा एक तुकडा आवाजाच्या दिशेनं भिरकावला. लामेइही हसली. हसताना खाली पुन्हा पीळ बसला.

ते आवळणं म्हणजे लघवी रोखून धरल्यासारखं खालचं सगळं अंग आत ओढून घ्यायचं, दहा आकडे मोजायचे आणि सोडायचं. चौकातल्या नाचाआधी चाइश्या सगळ्या बायकांकडून ते करून घ्यायची. लामेइनं तिच्याकडून आठ वर्षांपूर्वी ते उचललं आणि मग कधी चुकवलं नाही. सकाळी तीनशे, रात्री तीनशे. दुखलं की आणखी शंभर. दुखतंय म्हणजे आपण कमी पडतोय, असा तिचा हिशेब.

दुखणं कशाचं आहे, ते मात्र तिच्या आवळण्याआधीच गावानं ठरवून टाकलं होतं. महिन्याचं दुखणं. बाळंतिणीनं पहिला महिना अंथरुणाबाहेर पाय काढायचा नाही, गार पाण्यात हात घालायचा नाही, डोक्याला वारा लागू द्यायचा नाही. यिंगयिंग जन्मली आणि एकोणिसाव्या दिवशी लामेइचा सासरा गेला. थोरली सून म्हणून सासूनं तिला उठवलं, अंगावर सुतकाचं पांढरं चढवलं आणि अंगणात गारठलेल्या फरशीवर तीन दिवस गुडघ्यांवर बसवलं. आलेल्या पाहुण्यांची भांडी तिनं विहिरीच्या पाण्यानं घासली. त्यानंतर जे सुरू झालं ते थांबलंच नाही. तालुक्यात दर वर्षी सूज आहे म्हणून सलाईन चढवलं जाई. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पोटाचे फोटो काढले, त्यात काही निघालं नाही. काही न निघणं हे तर आणखी वाईट. नवरा बाओथिएन मालट्रकवर. गरीब माणूस. चार वर्षांपासून तो घरी असला तरी खालून विस्तव घालून तापवलेल्या झोपायच्या ओट्याच्या पार पलीकडच्या टोकाला झोपायचा. का, ते त्यानं कधी बोलून दाखवलं नव्हतं, आणि त्याचंच लामेइला जास्त ओझं वाटायचं.

महिन्याच्या दुखण्यावर गावाला एकच इलाज ठाऊक होता. पुन्हा बाळंत व्हायचं आणि या खेपेला महिना नीट पाळायचा. आता दुसऱ्या मुलाला सरकारचीही आडकाठी नव्हती. शरद ऋतूतच सासूनं विषय काढला होता.

"चाळिशीला दोन वर्सं हाईत अजून तुला. नवीन वर्सानंतर कंदिलांचा सण झाला की पोर हू नये म्हनून बसवलेली रिंग काढून टाकू. या बारीला मी तुला चाळीस दिस उठू देनार न्हाई. बोट वलं हू देनार न्हाई."

लामेइ तेव्हा काही बोलली नव्हती. गप्प बसली म्हणजे हो, असं घरानं धरलं. नवऱ्याच्या शेजारी झोपायच्या नुसत्या विचारानं तिचं खालचं अंग आवळून यायचं, आणि वर नऊ महिने ते ओझं वागवायचं, पुन्हा फाटायचं, पुन्हा शिवायचं. पण अकरा वर्षं विव्हळणाऱ्या बाईनं इलाजाला नाही म्हणायचं तरी कुठल्या तोंडानं?

त्या सकाळी बर्फ संपवून ती सासूबरोबर तालुक्याच्या देशी वैद्यकाच्या दवाखान्यात गेली. रिंग काढायच्या आधी सुया टोचून पोट गरम करून घ्यायचं, असं सासूनं ठरवलं होतं. बसमध्ये जागा होती तरी लामेइ दांड्याला धरून उभी राहिली.

फान डॉक्टरीणबाई त्रेसष्टच्या. निवृत्त होऊन घरी बसल्या होत्या, दवाखान्यानं पुन्हा बोलावून घेतलं होतं. अंगठे सुताराचे असावेत तसे जाड. खोलीत पडद्यांआड तीन खाटा आणि दवण्यासारखा पाला जळाल्याचा कडवट वास.

"पोट थंड पडलंय तिचं," सासूनंच सुरुवात केली. "महिन्याचं दुखणं हाय. गरम करून द्या. पुढं मूल हुयाचंय."

"मूल कोणाला हवंय?"

"आवो, दुखनं जायला नगं?"

फानबाईंनी सासूकडे पाहिलं, मग लामेइकडे. "आजी, बाहेर बाकावर बसा. शेगडी आहे तिथं. मला हिच्याशी बोलू दे."

त्यांनी फार विचारलं. कधी दुखतं, बसल्यावर की उभ्यानं, लघवीला किती वेळा जावं लागतं, नवऱ्याजवळ गेल्यावर काय होतं. इतकी वर्षं सलाईन लावणाऱ्यांपैकी हा शेवटचा प्रश्न कुणी विचारला नव्हता. लामेइनं भिंतीकडे बघत उत्तरं दिली. मग त्यांनी तिला पालथं झोपवलं आणि माकडहाडाच्या वर, दोन्ही बाजूंना बोटांनी चाचपून लांब सुया आत सरकवल्या.

"टोचलं म्हणून सांगू नको. जड वाटलं, आत भरून आल्यासारखं झालं, की सांग."

"आलं."

"कुठवर?"

"खाली. पार खालवर."

"छान. आता अंग सोड."

"सोडलंय की."

फानबाईंनी तिच्या ढुंगणावर, मांडीच्या आतल्या बाजूला अंगठा दाबला. लामेइ कळवळली. "याला सोडलेलं म्हणतात? या खाटेचा पाय याहून मऊ आहे. सोड."

लामेइनं सोडायचा प्रयत्न केला, आणि तिच्या लक्षात आलं की सोडायचं म्हणजे काय करायचं हे तिला येतच नाही. आवळायचं कसं ते येत होतं. आणखी आवळायचं कसं तेही येत होतं.

"घरी काही व्यायाम करतेस का गं?"

"करती तर!" मान उशीत होती तरी आवाजात थोडा ताठा आलाच. "सकाळी तीनशे, रातीला तीनशे. आठ वर्सं झाली. पोरीला ताप होता तवाबी चुकवलं न्हाई. कामावर उभी असले तरी आवळून धरती."

 खाटेखालचं स्टूल ओढल्याचा आवाज झाला. फानबाई बसल्या. थर्मासचं झाकण उघडून त्यांनी एक घोट घेतला.

"सिरक्याच्या कारखान्यात आहेस ना? ज्वारीचं पोतं उचललंस आणि दिवसभर खाली ठेवलंच नाहीस, तर दंडाचं काय होईल?"

"गोळा येईल."

"तू आठ वर्षं ते खाली ठेवलेलं नाहीस."

लामेइला आधी कळलंच नाही. मग कळलं. "पर चाइश्याअक्का बरी झाली ती?"

"तिचं सैल पडलं होतं, म्हणून आवळून बरं झालं. तुझं आधीच आखडलेलं. बाळंतपणात फाटलं, टाके घातले. दुखलं म्हणून अंग आखडलं, आखडलं म्हणून आणखी दुखलं. तशी बाई एरवी थकून आपोआप सैल पडते. पण तू पडलीस मेहनती."

मेहनती. एरवी हा शब्द तिनं छातीवर मिरवला असता. आता पालथ्या पाठीवर सुया घेऊन पडल्यापडल्या तिला रडूही येईना आणि हसूही येईना. उलट चाइश्याच्या अंगावर ओरडावं असं वाटलं. पण चाइश्या काही वाईटावर नव्हती. मग ओरडायचं तरी कुणावर?

"मग ते महिन्याचं? त्या थंड फरशीचं?" तिनं विचारलं.

"त्या फरशीनं गुडघे दुखले असतील. हे स्नायूंचं आहे. माझं बोट त्याच्यावरच आहे. हे बघ." अंगठा पुन्हा दाबला. नेमकं तेच दुखणं, ओळखीचं, अकरा वर्षांचं, त्या एका बोटाखालून निघालं. "पुढच्या खेपेला हातमोजा घालून आतूनही दाबावं लागेल. थांब म्हणालीस की मी थांबेन. आणि आवळणं आजपासून बंद. एकसुद्धा नाही."

"मूल झालं तर बरं हुईल?"

"त्यानं हे बरं होत नाही. मूल हवं असेल तर मूल म्हणून होऊ दे. औषध म्हणून कुणी पोर जन्माला घालतं का?"

बाहेर सासू शेगडीपाशी बसून होती. "काय म्हनल्या?"

"आठवड्यातनं दोनदा या म्हनल्या," लामेइ म्हणाली. एवढंच म्हणाली.

मग दीड महिना तेच. सकाळी बर्फ, नंतर बस, नंतर सुया. अर्धा तास सुया, त्यांना तारा जोडून बारीक धडधड, मग अंगठे, मग हातमोजा. पहिल्यांदा आतून दाबलं तेव्हा तिनं खाटेची कड धरली आणि "थांबा" म्हणाली. फानबाई खरोखर थांबल्या, म्हणून तीच मग "करा" म्हणाली. दाबल्या जागी श्वास न्यायचा आणि बाहेर सोडायचा. जोर करायचा नाही. "तू सोडायलासुद्धा जोर लावतेस," फानबाई चिडायच्या. "कामगारणीसारखं करू नको. काही करूच नको."

काही न करणं हे तिला आयुष्यात कुणी शिकवलं नव्हतं. रांजणापाशी उभी असताना ध्यानात यायचं, आपण पुन्हा आवळलंय. सोडायची. झारा उचलला की पुन्हा आवळलेलं. दिवसातून पन्नास वेळा स्वतःलाच रंगेहाथ पकडायचं आणि सोडून द्यायचं, या खेळानं तिचा जीव दुखण्याहून जास्त थकायला लागला. तीन दिवस बरे गेले की चौथ्या दिवशी पीळ होता तसाच. एकदा तिनं फानबाईंना फाडकन सुनावलं, "काय बी फरक न्हाई. येनंच बंद करती."

"बंद कर. पण नीट होईल असं मी कुठं म्हणाले होते? कमी होईल म्हणाले." फानबाई अंगठा चोळत होत्या. त्यांचाही सांधा सुजला होता. "बसमध्ये आज कशी आलीस?"

लामेइ थांबली. बसमध्ये ती बसून आली होती. खिडकीपाशी. तिच्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

ते सासूच्या मात्र ध्यानात आलं होतं. सूनबाई जेवायला मांडी घालून बसते, रात्री उठून फेऱ्या मारत नाही, हे म्हातारी बघत होती आणि खुलत होती. "तापाया लागलं बघ पोट!" तिनं अंडी घालणाऱ्या चार कोंबड्या आणल्या. राळ्याच्या पेजेसाठी नवे राळे निवडून ठेवले, गूळ बांधून ठेवला. बाळंतिणीच्या डोक्याला बांधायची कापसाची पट्टी शिवायला घेतली. लामेइ जसजशी बरी होत गेली, तसतसं ते मूल जवळ येत गेलं. आणि लामेइ अजून गप्पच होती.

नवीन वर्षाला पंधरा दिवस उरले तेव्हा बाओथिएन घरी आला. आठवड्याभरानं एका दुपारी तिघं जेवत होती. यिंगयिंग शेजारी खेळायला गेली होती. सासूनं वाडग्यात सिरका ओतता ओतता सांगितलं, "नर्सबाईला बोलले मी. कंदिलांच्या सणाच्या दुसऱ्या दिशी, सोळा तारखेला रिंग काढत्यात. सकाळी उपाशी जायाचं."

लामेइनं जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. "आय, मी रिंग काढनार न्हाई."

"सोळा नगं तर अठरा."

"अठराला बी न्हाई. मला दुसरं मूल नगं. दुखनं महिन्याचं न्हाईच. डॉक्टरीणबाईनं पहिल्याच दिशी सांगितलं. खालचं मांस आखडलंय, मीच आवळून आवळून वाढवलं. सुयांनी पोट तापलं न्हाई, ते सैल पडलं."

म्हातारी हसलीच. "त्या डॉक्टरनीला काय ठावं? तिनं तुला त्या फरशीवर बगितलंय का? मी बगितलंय. व्हट निळे झाले हुते तुझे. मीच उठवलं तुला. एकोणिसाव्या दिशी." तिचा आवाज फाटला. "समदा गाव म्हणायचा, बाळंतीण हाय, ऱ्हाऊ द्या. मी म्हनले, थोरली सून न्हाई बसली तर लोक काय म्हनतील. मीच हातानं केलंया ते. मला ते फेडू दे की."

लामेइला हे माहीत होतं. अकरा वर्षं दर सकाळी तिच्या वाडग्यात अंडं असायचं, सासूच्या नसायचं, ते कशासाठी हे तिला माहीत होतं. समजूत घालावी असं वाटलं, पण तेवढं बळ नव्हतं.

"उठवलंत. मी उठले. लई थंडी हुती, आय, ते मी इसरले न्हाई. पर हे दुखनं त्याचं न्हाई."

"मग मी अकरा वर्सं जिवाला खाल्लं ते फुकट?"

"मी आठ वर्सं आवळलं ते बी फुकटच."

 म्हातारीनं मुलाकडे पाहिलं. बाओथिएन शेवयांच्या वाडग्यात बघत होता. "तू तरी सांग हिला."

त्यानं घास गिळला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "आय, मी गेल्या हप्त्यात दवाखान्यात गेलो हुतो हिच्यासंगं. भाईर बसलो हुतो. हिचा आवाज भाईर येत हुता." त्यानं वाडगा पुढं सारला. "परत तिला कुठं फाडू नगा. ऱ्हाऊ दे ती रिंग."

"म्हंजी माझंच चुकलं."

"चुकलं का न्हाई ते मला ठावं न्हाई," लामेइ म्हणाली. "मी दमलीया. त्यावर अजून एक पोर काढून माझ्यानं काय फिटायचं न्हाई, तुमचं बी अन् माझं बी."

म्हातारी उठली. राळ्याचं मडकं झाकलं, पुन्हा उघडलं, पुन्हा झाकलं. "चार कोंबड्यांचं काय करू मग?"

"अंडी दीत्यात की."

"दीत्यात," म्हातारी रागानंच म्हणाली. मग भिंतीकडे तोंड करून, "उद्याच्याला आपल्या दोघींच्या वाडग्यात घालते. मलाबी अंडं आवडतं."

लामेइ वाडगी गोळा करून उठली. वाकताना पीळ आला. पहिल्यापेक्षा बारीक, पण आला. उद्याही येईल. परवा दवाखाना होता. त्यानंतर सणाची सुट्टी, त्यानंतर पुन्हा दवाखाना.

"कोबी झाकला का गं?" सासूनं विचारलं. "आभाळ उघडं हाय. रातीला गोठल समदा."

"झाकते."

तिनं भिंतीला टांगलेली जुनी गोणपाटं काढली आणि परसात गेली. कोबीचे गड्डे भुईवर रचून ठेवले होते, वरच्या पानांवर आधीच पांढरं धरायला लागलं होतं. करपलेली पानं तिनं ओरबाडून कोंबड्यांकडे फेकली आणि एकेक गोणपाट ओढून कडांवर विटा ठेवायला लागली.